कमानीनंतरचे साठ मीटर

धामणखेडात त्या वर्षी वेगाचा दंड झाला नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं. सरपंचांना दोनदा झाला, दुधाच्या टेम्पोला चारदा झाला, आणि पोस्टमनच्या विजेच्या दुचाकीलाही झाला तेव्हा लोकांनी पोस्टमनचं अभिनंदनच केलं. त्या गाडीत एवढी धमक आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. सगळे दंड एकाच जागचे होते. हायवेची ऐंशीची मर्यादा संपून गावाची चाळीसची सुरू होते, त्या जागचे.

चूक कुणाची हेही गावाला पक्कं ठाऊक होतं, कारण ती गावाचीच होती. तीन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून स्वागत कमान उभी राहिली. डाव्या खांबावर देणगीदारांची नावं कोरली गेली, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की चाळीसचा सरकारी बोर्ड बरोबर त्या नावांच्या पुढे उभा आहे. पहिल्या नंबरच्या देणगीदाराचं आडनावच त्यामागे गडप झालं होतं. मग काय, कमान समितीच्या चार जणांनी पहार घेतली, बोर्ड उपटला आणि साठ मीटर आत, पिठाच्या गिरणीसमोर नेऊन रोवला. बोर्ड हलला, मर्यादा हलली नाही. सरकारी नकाशात ती कमानीपाशीच सुरू होत राहिली. बोर्ड बघून गाडी हळू करणारा सज्जन माणूस साठ मीटर आधीच गुन्हेगार ठरू लागला.

पहार मारणाऱ्या त्या चौघांत सुहास शेडगे होता, आणि आता त्यालाच तिसऱ्यांदा दंड झाला होता. कमानीपाशी वेग अठ्ठावन्न. पहिले दोन त्याने मुकाट्याने भरले होते. पण तिसऱ्या दंडाबरोबर लायसनवर तिसरी खूण पडते, आणि तिसरी खूण पडली की प्रवासी नेण्याचा बिल्ला तीन महिने निलंबित होतो. सुहासचं सगळं आयुष्य त्या बिल्ल्यावर उभं होतं. तालुक्याच्या गावी एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र होतं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे किडनीचे सात पेशंट तो सोमवार, बुधवार, शुक्रवार व्हॅनमधून केंद्रावर नेई आणि संध्याकाळी घरी सोडी. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवत होता आणि गाडीला साधा ओरखडा नव्हता. ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

"मी हरकत घेणार," त्याने पारावर जाहीर केलं. "बोर्ड हलवलाय ते मी स्वतः सांगतो. आपण जिंकणार."

पारावरची मंडळी एकाएकी आपापल्या मोबाईलमध्ये रमली. हरकत घ्यायची कल्पना सगळ्यांनाच सुचली होती, पण ती घ्यायला कुणी धजावलं नव्हतं. ते का, हे कळायला ती यंत्रणा थोडी समजून घ्यायला हवी.

हायवेच्या कडेला जमिनीत काचेची एक तार पुरलेली असते, केसाएवढी बारीक. इंटरनेटसाठी असते तसलीच. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा झोत सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच, आणि अशा प्रत्येक दोषावरून कणभर प्रकाश उलटा परततो. वरून चाक गेलं की जमीन दबते, तिच्याबरोबर तार किंचित ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. फरक नेमका कुठे पडला, हे प्रकाशाला परत यायला लागलेल्या वेळेवरून समजतं. म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक मीटरला एक कान फुटला म्हणायचा. गाडी किती वेगात आहे, किती जड आहे, ब्रेक कधी लागला, स्टिअरिंग किती हललं, गाडी कुठे आणि किती वेळ थांबली, सगळं त्या तारेला ऐकू येतं. गाडी कुणाची ते नंबरप्लेटमधली चिप सांगते. सरकारने या यंत्रणेला 'मार्गश्रुती' असं भारदस्त नाव दिलं होतं. लोक तिला नुसतं 'कान' म्हणत.

कायदा मात्र लोकांच्या बाजूने केलेला होता. कानाने ऐकलेलं सगळं बंद ठेवायचं, बाहेर फक्त वेग सांगायचा. कुणी हरकत घेतली तरच नोंद उघडायची, आणि उघडायची तर मागच्या दोन वर्षांची सगळी उघडायची. कारण चालकाची सवय हाच खरा पुरावा मानला जाई. जो माणूस दोन वर्षं रोज त्याच जागी गाडी हळू करतो त्याची एखादी चूक माफ व्हावी, असा त्यामागचा चांगला हेतू होता. धामणखेडात या चांगल्या हेतूने घबराट पसरली. सरपंचांची जीप दर गुरुवारी शेजारच्या गावात दीड तास कुठे उभी असते, दुधाचा टेम्पो डेअरीवर जाण्याआधी विहिरीपाशी का थांबतो, हे नोंदीत यायला नको होतं. पोस्टमनलाही नको होतं. त्याचं कारण कधी कळलं नाही.

"माझ्या नोंदीत काय सापडणार?" सुहास छाती पुढे काढून म्हणाला. "घर, पेशंट, केंद्र, घर. खुशाल उघडा."

त्याने हरकतीचा अर्ज केला. सुनावणीला ज्या दिवशी हजर राहू त्या दिवशी नोंद उघडायच्या संमतीवर सही करायची होती, तोवर ती बंदच राहणार होती. मग त्याने मुलीला फोन लावला. ईश्वरी जिल्ह्याच्या ठिकाणी मार्गश्रुतीच्या केंद्रातच नोंदवाचक होती. उघडलेल्या नोंदी वाचून त्यांचा अर्थ लिहून द्यायचा, हे तिचं काम. कामातल्या गोष्टी ती घरी कधी बोलत नसे आणि सुहासला त्याचा अभिमान होता. हरकतीचं ऐकून तिने सुनावणीची तारीख विचारली. बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी ती न कळवता घरी येऊन हजर झाली. सुवर्णाने, म्हणजे तिच्या आईने, पोह्यांची तयारी चालवली होती. ईश्वरीने बूटही काढले नाहीत.

"पप्पा, हरकत मागे घ्या."

सुहासने तिला बोर्डाची सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकवली, जणू ती तिला ठाऊकच नव्हती. तिने ती ऐकून घेतली. मग पिशवीतून आलेखाचा कागद काढून समोर पसरला. त्यावर पेन्सिलने रेघा काढलेल्या होत्या. मशिनमधली प्रत बाहेर नेता येत नाही, म्हणून तिने त्या बघून बघून हाताने उतरवल्या होत्या. म्हणजे बंद नोंद तिने परवानगीशिवाय उघडली होती, आणि तीही स्वतःच्या बापाची. एवढ्या गुन्ह्यावर नोकरी जाते हे सुहासलाही समजत होतं.

"ही दोन वर्षांपूर्वीची तुमची रेघ," ती म्हणाली. "इथे तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय उचलता. चिंचेच्या झाडापाशी. दर वेळी, एकदाही चुकलं नाही."

"मग? हळू व्हायचं तर तिथूनच करायला पाहिजे."

"म्हणजे बोर्ड बघून तुम्ही कधी हळू करतच नव्हता."

सुहासने कागद जवळ ओढला. खरंच होतं ते. बोर्ड त्यानेच हलवला होता, मर्यादा कुठून सुरू होते ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? चिंचेपाशी पाय उचलायचा, ब्रेकवर हलका ठेवायचा, आणि कमानीत शिरताना काटा चाळीसवर. बोर्डाकडे त्याने तीन वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बोर्डाचा मुद्दा कायद्याला पटणारा होता, पण त्याच्यापुरता तो खोटा होता, आणि इतके दिवस छाती ठोकून बोलताना हे आपल्या मनात आलंच कसं नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं.

ईश्वरी पुढच्या रेघांवर बोट ठेवत गेली. उचललेला पाय ब्रेकवर पडायला दोन वर्षांपूर्वी तीन दशांश सेकंद लागत. मग पाच लागू लागले, मग आठ. गेल्या महिन्यात बारा. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, असं ती म्हणाली, आणि तेवढ्यावर थांबली. हिशेब सुहासला करता येत होता. त्याशिवाय सरळ रस्त्यावरसुद्धा त्याचं स्टिअरिंग थरथरत होतं, सेकंदाला पाच वेळा, अगदी बारीक. असं थरथरणं तिने आणखी काही नोंदींत पाहिलं होतं. त्या माणसांना पुढे डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता.

"उघडलेल्या नोंदीत असं काही दिसलं तर वैद्यकीय मंडळाला कळवावंच लागतं, पप्पा. आणि नोंद आधी कुणी उघडली होती, तेही त्याच वेळी दिसतं."

सुहासने आपला उजवा पाय पाहिला. चपलेत नेहमीसारखा होता. त्याने तो उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. चांगला तर चालत होता. त्याला मुलीचा भयंकर राग आला. एवढीशी पोर आपल्याला पेन्सिलच्या रेघा दाखवून म्हातारं ठरवते, असं तो म्हणाला, आणि आणखीही काही बोलला जे नंतर त्याला आठवायचं नव्हतं. शेवटी तो सुवर्णाकडे वळला, की तूच सांग हिला.

सुवर्णा पोह्यांच्या कढईजवळून हलली नाही. "तुमच्या शर्टाची बटनं दिवाळीपासून कोण लावतंय?" ती म्हणाली. "घाई असती म्हणून न्हाई लावत मी. आन् बँकेतली तुमची सही बघितलीसा? मुंगीएवढी झालीया. मला वाटलं, आपनहून बोलाल."

रस्त्याला कळायच्या आधी हिला कळलं होतं. सुहास खाली बसला. कढईतले पोहे खाली लागले.

ईश्वरीने अजून एक गोष्ट राखून ठेवली होती. ती सांगू की नको, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तार रस्त्याच्या जवळून जात असेल तर कानाला माणसाची पावलंही ऐकू येतात. नऊ फेब्रुवारीला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, वाघजाई फाट्यावर, एक माणूस रस्ता ओलांडत होता. त्याची पावलं रस्त्याच्या मध्यावर अचानक थांबली, दोन पावलं मागे गेली. मग व्हॅन थांबली. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं.

सुहासला नऊ फेब्रुवारी आठवेना. त्याच्या लेखी तो रोजच्यासारखाच दिवस होता. पण सकाळी सात दहाला वाघजाई फाट्यावर कोण उभं असतं हे त्याला आठवायची गरज नव्हती. तिथून इंगवले गुरुजी गाडीत बसत.

सोमवारी तो पेशंट घेऊन गेला. नाही म्हणायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं, आणि न जाण्याइतकी ताकदही नव्हती. ताशी तीसच्या वर त्याने काटा जाऊ दिला नाही. मागून ट्रक हॉर्न मारत राहिले. केंद्रात गुरुजींना मशिन लागलं आणि नर्स दुसरीकडे गेली, तेव्हा तो त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला. इंगवले गुरुजी भूगोल शिकवत. सुहासही त्यांच्या वर्गात होता, आणि अजूनही त्यांच्यापुढे बसला की पाठ आपोआप ताठ होई. फेब्रुवारीत फाट्यावर काय झालं होतं, असं त्याने विचारलं.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. "कळलं होय तुला," ते म्हणाले. "मीच होतो. तू बघत होतास माझ्याकडं. पण गाडी थांबंना."

"बोलला नाहीत, गुरुजी."

"बोलून काय करणार? तू गेलास की गाडी गेली. तुला टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस गाडी नव्हती. पाटणकरबाई त्यात गेल्या, विसरलास?" नळीतून त्यांचं रक्त मशिनकडे जात होतं, तिकडे त्यांनी पाहिलं. "म्हणून तर मी पुढच्या सीटवर बसतो रे. बैल दिसला की बैल म्हणतो, पोरगं दिसलं की पोरगं म्हणतो. आम्ही सगळेच बघतो रस्त्याकडं. तू हरकत घे, जिंक, आणि चालव. आम्ही आहोत."

तेव्हा सुहासला उमगलं की गेले चार-पाच महिने गाडीत सगळे एवढे गप्पिष्ट का झाले होते. तो ट्रॅक्टर वळतोय बघ, ती सायकल बघ, आला आला स्पीडब्रेकर. त्याला वाटलं होतं, आजारी माणसांना बोलायला बरं वाटतं. सात पेशंट, ज्यांना धड बसवत नव्हतं, ते त्याची गाडी तोंडाने चालवत होते. अठ्ठावीस वर्षांत कधी वाटली नव्हती एवढी लाज त्याला त्या स्टुलावर वाटली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही.

मंगळवारी तो ट्रस्टच्या व्यवस्थापकाकडे राजीनामा घेऊन गेला. व्यवस्थापक चांगला माणूस होता, त्याने चहा मागवला आणि राजीनामा परत दिला. दंडाचं प्रकरण चालू असताना राजीनामा घेता येत नाही. निकाल लागून निलंबन झालं, तर निलंबित माणसाचाही घेता येत नाही. आणि निलंबन म्हणजे जागा भरलेली धरतात, बदली मिळत नाही. सुहासने विचारलं, मग बदली मिळते कधी. जागा रिकामी झाली तर, व्यवस्थापक म्हणाला. बिल्ला कायमचा रद्द झाला किंवा माणूस गेला तर. तसं झालं तर आठ दिवसांत नवीन ड्रायव्हर येतो, यादी तयारच असते.

सुहासने घरी येऊन सगळ्या वाटा मनात फिरून पाहिल्या. हरकत लढवली तर तो जिंकणार, पण नोंद उघडणार, आणि ईश्वरीची नोकरी जाणार. शिवाय मंडळाचा निर्णय यायला चार-सहा महिने, तोवर जिंकलेला माणूस म्हणून गाडी त्यानेच चालवायची. दंड मान्य केला तर मुलगी वाचत होती. पण तीन महिने गाडी बंद, आणि तीन महिने सातांपैकी कोण कोण काढेल हे सांगता येत नव्हतं. आठ दिवस गावातल्या जीपा मागून भागवता आले असते, पण तीन महिने कोण देणार? आणि तीन महिन्यांनी बिल्ला आपोआप परत मिळणार होता. ही शेवटची गोष्ट त्याला सगळ्यात जास्त भीतीची वाटत होती, कारण तो परत मिळावा असं त्याच्या मनाच्या एका कोपऱ्याला अजून वाटत होतं.

सुनावणी शुक्रवारी दुपारी होती. पेशंटना मशिनवर लावून तो तिथे गेला. सुनावणी अधिकारी नलवडे मॅडमनी कागद आधीच वाचले होते. जागेवर माणूस पाठवून त्यांनी अंतरही मोजून घेतलं होतं.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे, शेडगे. बोर्ड साठ मीटर आत आहे. इथे सही केलीत की नोंद उघडू, सवय तपासू आणि दंड रद्द. पंधरा मिनिटांचं काम."

"बोर्ड मी बघितलाच नव्हता, मॅडम," सुहास म्हणाला. "मर्यादा कुठं लागते मला माहीत होतं. मी वेगात आलो. हरकत मागे घेतो."

मॅडमनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत जिंकलेली केस कुणी अशी सोडली नव्हती. त्यांनी त्याला दोनदा विचारलं. मग सुहासने, अर्धवट धीर करून, सांगून टाकलं की पाय वेळेवर पोचत नाही. असं लिहून घ्या आणि बिल्ला काढून घ्या. मॅडमना वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण त्यांच्या फॉर्मात त्यासाठी जागा नव्हती. तब्येतीचं कारण फक्त उघडलेल्या नोंदीतून घेता येत होतं. स्वतःहून बिल्ला परत करायची सोय पासष्ट वर्षांनंतर होती, आणि सुहास सत्तावन्नचा होता. माणसाने स्वतः येऊन खरं सांगावं, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तिसरी खूण उद्या सकाळी सहापासून लागू," त्या म्हणाल्या. "तीन महिने. डॉक्टरांना मात्र जरूर दाखवा. आणि जपून राहा. वर्षभरात चौथी पडली तर बिल्ला कायमचा रद्द होतो. त्याला अपीलही नाही."

सुहास उठता उठता थांबला. "ती आजच पडली तर?"

"आज काय आणि उद्या काय, चौथी ती चौथी," मॅडम म्हणाल्या, आणि पुढची फाईल उघडली.

त्या संध्याकाळी त्याने सातही पेशंटना घरोघर सोडलं, एवढं सावकाश की इंगवले गुरुजींना डुलकी लागली. रिकामी गाडी घेऊन हायवेला लागण्याआधी त्याने सुवर्णाला फोन केला. काय करणार आहे ते सांगितलं. ती आधी नको म्हणाली, मग रडली, मग कुठे उभी राहू असं विचारलं. गिरणीसमोर बोर्डाजवळ उभी राहा, तो म्हणाला. कमान ते बोर्ड दोन्ही बाजूंना मोकळं रान आहे, तिथे कुणी नसतं. गावातून कुणी कमानीकडे येत असेल तर दोन मिनिटं अडव. कमानीत पन्नासने शिरतो, लगेच ब्रेक लावतो, बोर्डाच्या बऱ्याच अलीकडे थांबतो. चालत्या गाडीचं त्याला सगळं गणित माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं त्याने तेच केलं होतं.

अजून उजेड होता. चिंचेपाशी तो आला तेव्हा उजव्या पायाला सवयीने उचलावंसं वाटलं, आणि त्याने तो मुद्दाम उचलला नाही. हे त्याला आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम वाटलं. उद्या गावभर होणार होतं की शेडग्याला तीन दंड पुरले नाहीत, निकालाच्याच दिवशी चौथा घेतला. सरकारी यादीत त्याच्या नावापुढे 'बेफिकीर चालक' असं लागणार होतं, आणि ते तसंच राहणार होतं. काटा बावन्नवर होता. कमान डोक्यावरून मागे गेली.

त्याने ब्रेक लावायचा म्हणून पाय उचलला, आणि पाय उचललाच गेला नाही. तो जिथे होता तिथेच चिकटून बसला. सुहासच्या डोक्यात ब्रेक लागून झाला होता, गाडी थांबायला लागली होती, पण समोरचा बोर्ड जवळ जवळच येत होता. 'चाळीस' हा आकडा त्याने तीन वर्षांत पहिल्यांदा वाचला. मग पाय सुटला आणि ब्रेकवर जोरात पडला. टायर किंचाळले, गाडी बोर्डाच्या शेजारून पुढे गेली आणि दहा-बारा पावलांवर थांबली.

बोर्डाजवळ कुणी नव्हतं.

सुवर्णा आणखी बरीच आत उभी होती, नळकोंडाळ्यापाशी, दोन्ही हात पसरून. तिच्यामागे गावातली चार माणसं आणि एक म्हैस अडकून पडली होती, आणि काय चाललंय ते कुणालाच समजत नव्हतं. तिने हात खाली घेतले आणि चालत गाडीपाशी आली. सुहासचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि आता ते उघड उघड थरथरत होते.

"तुला बोर्डाजवळ उभी राहा म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हटलं होतंसा," ती म्हणाली.

खिशातला फोन वाजला. चौथ्या दंडाचा निरोप होता, हरकत घ्यायची असल्यास सात दिवसांची मुदत होती. तिने निरोप वाचून दाखवला, फोन स्वतःच्या पिशवीत टाकला आणि त्याच्या बाजूचं दार उघडलं. तो उतरला. गाडी रस्त्याच्या कडेला तशीच ठेवून, ट्रस्टचा माणूस येऊन नेईल असं गिरणीवाल्याला सांगून, ती दोघं पायी घराकडे निघाली. तिने त्याचा हात धरला होता, आणि तो पावलं मोजून टाकत होता.